केळीच्या टिश्यू कल्चरमध्ये बाटल्यांऐवजी बायोरिॲक्टर वापरणे परवडेल का?

तापीकाठ (प्रश्न)

नमस्कार. जळगाव जिल्ह्यात आमची केळीच्या टिश्यू कल्चरची मध्यम आकाराची प्रयोगशाळा आहे. वाण एकच, ग्रँड नैन. निवडलेल्या मातृझाडांचे तलवारी मुनवे (बुंध्यालगत फुटणारी अरुंद पानांची पिल्ले) आणायचे, विषाणूंची तपासणी करून घ्यायची, गाभ्यातला कोंब निर्जंतुक करून अगारने घट्ट केलेल्या माध्यमावर लावायचा आणि मग दर तीन-चार आठवड्यांनी झुपके कापून नव्या बाटल्यांत भरायचे, ही सगळीकडे चालते तीच रीत आम्ही पाळतो. माध्यम मुराशिगे-स्कूगचे आहे. लिटरला ३० ग्रॅम साखर, साडेसात ग्रॅम अगार, सामू ५.८ आणि कोंब वाढवण्याच्या टप्प्यावर बीएपी (कोंब फुटायला लावणारे संजीवक).

अडचण हंगामाची आहे. मृगबागेची रोपे जून-जुलैत शेतकऱ्याच्या हाती द्यायची, तर प्राथमिक आणि दुय्यम हार्डनिंगचे (रोपाला बाहेरच्या हवेची सवय लावण्याचे) अडीच-तीन महिने वजा जाता ती मार्च-एप्रिलमध्ये बाटलीतून बाहेर पडली पाहिजेत. कांदेबागेसाठी (सप्टेंबर-ऑक्टोबरची लागण) हाच हिशेब जून-जुलैवर येतो, म्हणजे कोंब वाढवण्याचे मुख्य काम ऐन एप्रिल-मेमध्ये, जेव्हा बाहेर पारा ४५ अंशांच्या आसपास असतो आणि वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो. या दोन्ही वेळी लॅमिनारवर (निर्जंतुक हवेच्या कापणीच्या टेबलावर) बसणारे कसलेले हात कमी पडतात, कारण कापणीचे काम अंगवळणी पडायला काही महिने जातात आणि हाताखाली तयार झालेले माणूस टिकेलच असे नाही.

अलीकडे एका पुरवठादाराने आम्हाला ‘टेम्पररी इमर्शन बायोरिॲक्टर’ दाखवले. द्रव माध्यम ठरावीक वेळाने वर चढते, कोंबांना भिजवते आणि पुन्हा खाली उतरते. अगार लागत नाही, कोंब दुपटीने वाढतात आणि मजुरी निम्म्यावर येते, असे त्यांचे म्हणणे. यंत्राची किंमत पाहता निर्णय घाईने घेण्यासारखा नाही. केळीसाठी हे तंत्र खरोखर उपयोगी आहे का, असल्यास कोणत्या टप्प्यावर, आणि द्रव माध्यमात रोपे काचेसारखी पाणचट होतात अशी जी तक्रार ऐकू येते ती या यंत्रात कितपत राहते, हे प्रत्यक्ष काम केलेल्या मंडळींनी सांगावे अशी विनंती आहे.

पर्णरंध्र (प्रतिसाद)

तापीकाठ, आपण हंगामाचे गणित मांडून प्रश्न विचारला आहे, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. मी अध्यापन आणि संशोधन या दोन्ही निमित्तांनी ऊतिसंवर्धनाच्या क्षेत्रात बराच काळ राहिलो आहे. यंत्रे विकण्याशी माझा संबंध नाही.

बायोरिॲक्टर म्हणून जे दाखवले जाते त्यात दोन निराळे प्रकार आहेत आणि एकाचे यश दुसऱ्याच्या पदरात टाकण्याची सवय विक्रेत्यांना असते. पहिला प्रकार टाकीचा. त्यात वनस्पतीच्या सुट्या पेशी किंवा नुसती मुळे द्रवात सतत ठेवून, खालून निर्जंतुक हवा सोडून वाढवतात. जपानमध्ये मित्सुई कंपनीने १९८०च्या दशकात शिकोनिन हे लाल रंगद्रव्य अशा पेशींपासून व्यापारी प्रमाणावर काढले आणि ते लिपस्टिकमध्ये वापरले गेले. कोरियात जिनसेंगची मुळे १०,००० लिटरच्या टाक्यांमध्ये वाढवली जातात. तेथे हवे असते ते द्रव्य. पेशीला पान नाही, पर्णरंध्र नाही, तिला शेडनेटखाली जगायचे नाही, त्यामुळे ती दिवसरात्र पाण्यात बुडालेली असली तरी कोणाचे बिघडत नाही. आपल्याला मात्र असे रोप हवे आहे, जे बाटलीतून निघाल्यावर चार दिवसांत स्वतःचे पाणी स्वतः सांभाळू लागेल. म्हणून या टाक्यांच्या आकड्यांवरून केळीच्या रोपांबद्दल काहीही ठरवता येत नाही.

दुसरा प्रकार आपल्याला दाखवला तो, अधूनमधून भिजवण्याचा. १९८३ मध्ये हॅरिस आणि मेसन यांनी भांडी आलटून-पालटून कलती करणाऱ्या यंत्राची कल्पना मांडली होती. पुढे फ्रान्समधील सिराद या संस्थेत टाइसाँ आणि आल्वार यांनी ‘रिटा’ हे एकाच भांड्यात दोन कप्पे असलेले साधन विकसित केले. खालच्या कप्प्यात माध्यम, वरच्या कप्प्यात जाळीवर कोंब; खालच्या कप्प्यात हवेचा थोडा दाब दिला की माध्यम वर चढते, दाब काढला की आपल्या वजनाने खाली येते. क्यूबामध्ये सिएगो दे आविला येथील संशोधकांनी नळीने जोडलेल्या दोन बाटल्यांची स्वस्त आवृत्ती वापरात आणली आणि अननस व ऊस यांवर तिचे चांगले काम झाले.

केळीच्या दृष्टीने एक गोष्ट मुद्दाम नोंदवण्यासारखी आहे. सिरादच्या याच गटाने १९९३ मध्ये जे तुलनात्मक काम प्रसिद्ध केले ते केळीवरच होते. कोंब द्रवात नुसते बुडवून ठेवणे, आधारावर ठेवून ओले राखणे, द्रवात हवेचे बुडबुडे सोडणे आणि दर दोन तासांनी २० मिनिटे भिजवणे अशा पद्धती त्यांनी ताडून पाहिल्या, आणि त्यांत अधूनमधून भिजवण्याची पद्धत सरस ठरली. नुसते बुडवून ठेवलेले कोंब सर्वांत मागे पडले. याचे कारण उघड आहे. पाण्यात प्राणवायू फार थोडा विरघळतो, आणि भिजून झाल्यावर कोंबाभोवती द्रवाची जी पातळ फिल्म उरते तिच्यातून अन्नही मिळते आणि हवाही. शिवाय दाब देताना भांड्यातली हवा बदलते, त्यामुळे बंद बाटलीत साचणारा इथिलिन वायू बाहेर पडतो. म्हणजे केळीचे कोंब या यंत्रात जोमाने वाढतात हा दावा खरा आहे.

परंतु कोंबांची वाढ वेगळी आणि मजुरीतली बचत वेगळी. या तंत्राने व्यापारी यश मिळवले ते मुख्यतः कॉफीत. निकाराग्वामध्ये संकरित अरेबिका कॉफीची रोपे कायिक भ्रूणांपासून (बीजाऐवजी झाडाच्या साध्या पेशींपासून तयार केलेल्या भ्रूणांपासून) मोठ्या प्रमाणावर अशा भांड्यांत तयार केली गेली. भ्रूण हा मुळातच सुटा असतो; भांड्यात हजारो भ्रूण सोबत वाढतात, अंकुरतात आणि थेट रोपवाटिकेच्या मातीत पेरता येतात. तेथे कापणीच नाही. केळीत आपण भ्रूण वाढवत नाही, बुंध्याशी जोडलेल्या कोंबांचा झुपका वाढवतो, आणि तो प्रत्येक फेरीला भांड्याबाहेर काढून, लॅमिनारमध्ये सुरीने फोडून, काळे पडलेले काढून टाकून पुन्हा भरावाच लागतो. केळीचे कायिक भ्रूण नर फुलांपासून करता येतात, पण त्याला लागणारा काळ आणि त्यातील विकृतीचा धोका पाहता रोपे विकणाऱ्या मध्यम प्रयोगशाळेने त्या वाटेला जाऊ नये, असे माझे मत आहे.

तेव्हा पुरवठादाराला एवढेच विचारावे की मजुरी निम्म्यावर येते ती कोणत्या कामाची. माध्यम ओतणे, बाटल्या धुणे, झाकणे लावणे, बाहेर काढताना मुळांवरचा अगार धुणे ही कामे निश्चित कमी होतात. कापणी कमी होत नाही, आणि आपली टंचाई तर कापणाऱ्यांचीच आहे.

नीरा_कल्चररूम (प्रतिसाद)

मी पश्चिम महाराष्ट्रातील एका प्रयोगशाळेत कल्चर रूम सांभाळते. आमचे काम मुख्यतः उसाचे, को ८६०३२ आणि आणखी काही वाण, आणि भिजवण्याची भांडी आम्ही शेवटच्या वाढीसाठी व मुळे धरण्यासाठी नियमित वापरतो. पर्णरंध्र सरांनी तत्त्व सांगितले आहेच. मी फक्त रोजच्या वापरातले सांगते.

सर्वांत मोठा फरक जंतुसंसर्गाचा आहे. बाटलीत बुरशी आली तर एक बाटली जाते. या भांड्यात शेकडो कोंब एकाच द्रवात भिजतात, त्यामुळे एका कोंबातला जिवाणू संध्याकाळपर्यंत सगळ्यांना पोचलेला असतो. केळीच्या कंदात आतच राहणारे जिवाणू असतात हे आपण जाणताच. अगारवर ते अनेक फेऱ्यांपर्यंत दबून राहतात, फार तर बुंध्याशी एखादी दुधाळ कड दिसते आणि कापणारी ती बाजूला सारून पुढे जाते. द्रवात आणि ताज्या हवेत तेच जिवाणू दोन-तीन दिवसांत माध्यम गढूळ करतात. म्हणून भांड्यात भरण्यापूर्वी प्रत्येक वंशाच्या (एका मूळ कोंबापासून वाढवलेल्या झुपक्यांच्या) बुंध्याचे काप न्यूट्रियंट अगारवर ठेवून ३० अंशांच्या आसपास चार-पाच दिवस पाहावेत आणि ज्या वंशात काही उगवेल तो वंश सरसकट बाटल्यांतच ठेवावा किंवा टाकून द्यावा. प्रतिजैविक घालून वेळ मारून नेण्याचा मोह होतो. त्याने जिवाणू दबतात, मरत नाहीत, आणि औषध संपले की दुप्पट जोराने वर येतात.

तपासण्याची आमची पद्धत साधी आहे. सकाळी खोलीतले दिवे लागण्यापूर्वी बॅटरीचा झोत भांड्याच्या तळाशी आडवा धरायचा. स्वच्छ माध्यमातून झोत आरपार जातो आणि पलीकडच्या भिंतीवर त्याची कड ठसठशीत उमटते. जिवाणूंची सुरुवात असेल तर द्रवात झोताचाच धूसर पट्टा दिसू लागतो. नुसत्या डोळ्यांना गढूळपणा जाणवण्याच्या आदल्या दिवशी हे कळते, आणि त्या एका दिवसात शेजारच्या भांड्यांची हवेची नळी तरी वेगळी करता येते.

दुसरी गोष्ट गाळण्यांची. हवा ०.२ मायक्रॉनच्या गाळणीतून आत येते. ही गाळणी पाण्याला दूर ठेवणाऱ्या पडद्याची असली, तरी नळीत साचलेले पाणी किंवा वर उडालेले माध्यम तिच्यावर बसले की हवेची वाट अडते आणि त्या भांड्यात माध्यम चढेनासे होते. फलकावर दिवा लागतो, टायमर फिरतो, कॉम्प्रेसर चालतो आणि कोंब मात्र कोरडे पडत असतात. भिजवण्याच्या वेळी रोज एकदा रांगेतून चालत जाऊन प्रत्येक भांड्यात द्रव खरोखर वर आला का, हे माणसानेच पाहावे लागते. कॉम्प्रेसर तेलविरहित हवा, आणि त्याच्यानंतर पाणी पकडणारा सापळा हवाच. पावसाळ्यात तो दिवसातून दोनदा रिकामा करावा लागतो.

विजेबद्दल आपण विचारले नाही, पण ते सर्वांत आधी विचारायला हवे. एकाच भांड्यात दोन कप्पे असलेल्या साधनात वीज गेली तर दाब ओसरतो आणि माध्यम खाली येते. कोंब हवेत राहतात, फारसे नुकसान होत नाही. जोडबाटल्यांच्या पद्धतीत माध्यम परत नेण्यासाठीही दाब लागतो. भिजवताना वीज गेली तर कोंब वीज येईपर्यंत बुडून राहतात, आणि असे वारंवार झाले की आपण ज्याची धास्ती घेतली आहे तो पाणचटपणा हमखास येतो. आपल्याकडचा उन्हाळा पाहता पहिला प्रकार घ्यावा, किंवा निदान कॉम्प्रेसर, झडपा आणि टायमर बॅटरीवर ठेवावेत. वातानुकूलन बंद पडून खोली ३२-३३ अंशांवर गेली तर त्याला मात्र कोणतेही भांडे उपाय नाही.

आणखी एक बारीकसे. पॉलिकार्बोनेटची भांडी ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेच्या दाबाने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) वारंवार जाऊन दुधाळ होतात, आणि आत दाटी असल्याने उजेड आधीच कमी पडत असतो. खरेदीच्या वेळी सुट्या कवचांचा, सिलिकॉनच्या नळ्यांचा आणि गाळण्यांचा पुढील दोन-तीन वर्षांचा दर लेखी घ्या.

रावेरचा_बागाईतदार (प्रतिसाद)

मी रोपे तयार करत नाही, विकत घेतो. तरीही दोन शब्द लिहितो, कारण या चर्चेच्या शेवटी रोप आमच्याच शेतात येते.

आम्हाला रोप कोणत्या भांड्यात वाढले याच्याशी कर्तव्य नाही. निसवण (घड बाहेर पडणे) एका वेळेस व्हावी, घड एकसारखे मिळावेत आणि शेतात हरण्या हा विषाणूरोग दिसू नये, एवढेच आम्ही पाहतो. टिश्यू कल्चरचे रोप कंदापेक्षा महाग असूनही शेतकरी घेतो तो या एकसारखेपणासाठीच. काही वर्षांपूर्वी आमच्या शिवारात एका खेपेत खुजी, पाने आखूड व दाट असलेली झाडे बरीच निघाली होती. लावताना ट्रेमध्ये ती ओळखता आली नाहीत. चार महिने पाणी आणि खत घातल्यावर कळले. कोंब दुपटीने वाढतात असे कोणी सांगितले की मला आनंदाऐवजी शंका येते. वेगाने वाढवलेल्या कोंबांतून अशी झाडे जास्त निघतात का, हे जाणकारांनी सांगावे. हरण्याबाबत मात्र भांड्याला दोष देता येणार नाही; तपासणी केलेले स्वच्छ रोपही शेजारी काकडी, भोपळा असला आणि मावा आला की लागणीनंतर रोगी होते.

पर्णरंध्र (प्रतिसाद)

रावेरच्या मित्रांनी नेमक्या जागी बोट ठेवले आहे. खुजेपणा, पानांवर चट्टे, पाने अरुंद होणे ही ऊतिसंवर्धनातून येणारी आनुवंशिक विकृती आहे, आणि तिचा संबंध भांड्यापेक्षा फेऱ्यांच्या संख्येशी आणि सायटोकायनिनच्या (बीएपीसारख्या संजीवकाच्या) मात्रेशी अधिक आहे. केळीत एका मूळ कोंबापासून साधारण आठ फेऱ्यांच्या पुढे जाऊ नये असा दंडक चांगल्या प्रयोगशाळा पाळतात. बायोरिॲक्टरमध्ये एका फेरीत अधिक कोंब मिळत असतील, तर तेवढीच रोपे कमी फेऱ्यांत तयार होतात आणि विकृतीचा धोका उलट कमी व्हायला हवा. प्रत्यक्षात घडते ते वेगळे: वेग हाती आला की मालक फेऱ्या तेवढ्याच ठेवतो आणि रोपे वाढवतो. म्हणून प्रत्येक भांड्यावर वंश क्रमांक आणि फेरी क्रमांक लिहिलेला असावा, आणि भांडे बदलले म्हणून फेरीची मोजणी नव्याने सुरू करू नये.

तपासणीबाबतही स्पष्ट असावे. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ मध्ये टिश्यू कल्चर रोपांसाठी राष्ट्रीय प्रमाणीकरण व्यवस्था सुरू केली. केळीसाठी पर्णगुच्छ, काकडी मोझॅक म्हणजेच हरण्या, ब्रॅक्ट मोझॅक आणि स्ट्रीक या चार विषाणूंची तपासणी आणि रोपांची आनुवंशिक एकरूपता या कसोट्या महत्त्वाच्या धरल्या जातात. भांडे बदलल्याने यातले काहीही गळत नाही. उलट मातृझाडातला विषाणू निसटून आत आला, तर वेगवान पद्धतीत तो अधिक रोपांत पोचतो.

मुळा_मुठा (प्रतिसाद)

वरील चर्चेला थोडा विरोधी सूर लावतो. मध्यम प्रयोगशाळेने यंत्र घेण्याआधी आपल्या खर्चाचा हिशेब टप्प्यांनुसार लिहून काढावा. आमच्याकडे असे केले तेव्हा असे आढळले की लॅमिनारवर बसलेल्या व्यक्तीचा बराच वेळ कापण्यात जात नव्हता. बाटल्या येण्याची वाट पाहणे, झाकणे उघडणे, चिमटे थंड होऊ देणे आणि खराब बाटल्या निवडून बाजूला करणे यांत जात होता. काचमण्यांचे निर्जंतुकीकरण यंत्र, चिमट्यांचे दोन जास्तीचे जोड आणि आदल्या दिवशी दुसऱ्याने बाटल्या निवडून ठेवणे, एवढ्यावर त्याच माणसांकडून लक्षात येण्याजोगे अधिक काम झाले. ट्यूबलाइट काढून एलईडी लावल्यावर वातानुकूलनावरचा भारही कमी झाला, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात ही बचत अगारच्या बचतीपेक्षा मोठी ठरू शकते. शिवाय बायोरिॲक्टर वर्षातले निम्मे महिने रिकामे राहणार असतील, तर त्यांचा घसारा उरलेल्या महिन्यांच्या रोपांवर चढतो. उसाला किंवा वर्षभर मागणी असलेल्या शोभिवंत झाडांना हे यंत्र जितके परवडते, तितके दोन हंगामांच्या केळीला परवडणार नाही, असे मला वाटते.

तापीकाठ (पुन्हा प्रश्न)

सर्वांचे मनापासून आभार. मुळा_मुठा यांनी सांगितलेला हिशेब आम्ही याच आठवड्यात मांडायला घेतो. चिमट्यांबाबतचे निरीक्षण आमच्याकडेही लागू पडेल असे दिसते. तरीही नीराताईंचा अनुभव वाचून असे वाटते की वाढवण्याच्या सगळ्या फेऱ्यांसाठी नव्हे, पण शेवटची फेरी आणि मुळे धरण्याचा टप्पा यांसाठी थोडी भांडी घेऊन पाहायला हरकत नाही. तसे केल्यास बीएपीची मात्रा, भिजवण्याची वेळ आणि यशापयश मोजण्याची पद्धत काय ठेवावी? आणि पाणचट रोप हार्डनिंगला जाण्यापूर्वीच ओळखण्याचा काही उपाय आहे का?

नीरा_कल्चररूम (प्रतिसाद)

दादा, आपला विचार योग्य वाटतो. सुरुवातीचे गाभे मात्र चुकूनही भांड्यात लावू नका. केळीचा ताजा काप काळा पडतो आणि त्यातले फिनॉल अगारवर कापापुरते राहते. द्रवात ते सगळीकडे पसरते आणि निरोगी कोंबही तपकिरी होतात. पहिल्या काही फेऱ्या बाटल्यांत काढून, स्वच्छ ठरलेले आणि काळे न पडणारे झुपकेच पुढे न्यावेत. भरताना फार मोठे झुपके नकोत, नाहीतर मधले कोंब उजेडाविना पांढुरके राहतात.

पाणचट रोप ओळखायला आम्ही पान तोडून पाहतो. मधले एक पान देठाशी कापून वर्तमानपत्रावर, पंखा बंद ठेवून, टेबलावर ठेवायचे. ज्या पानाची रंध्रे मिटतात ते तासाभरानंतरही बऱ्यापैकी ताठ असते. पाणचट पान अर्ध्या तासात चिंधीसारखे लोळते. पान बोटात दुमडल्यावर कट्‌कन तुटत असेल आणि उजेडासमोर धरल्यावर आरपार दिसत असेल, तर ते भांडे ट्रेमध्ये घालवू नये. अशा भांड्याला लगेच टाकून देण्याचीही गरज नाही. भिजवण्याच्या दोन वेळांतले अंतर दुप्पट करून आणि मधल्या वेळी नुसती हवा खेळवून आठ-दहा दिवस पाहावे. नवी येणारी पाने चांगली निघतात. जुनी सुधारत नाहीत, ती ट्रेमध्ये लावताना काढून टाकावी लागतात.

पर्णरंध्र (प्रतिसाद)

मात्रा आणि वेळ यांचे तयार उत्तर कोणाच्याही प्रबंधातून जसेच्या तसे उचलू नये, कारण भांड्याचा आकार, कोंबांची दाटी आणि दर कोंबामागे मिळणारे माध्यम यांवर ते बदलते. तरी सुरुवात कोठून करावी हे सांगता येईल. द्रवातून संजीवक कोंबाला अधिक सहज मिळते, म्हणून अगारवर आपण बीएपीची जी मात्रा देता तिच्या निम्म्यापासून आरंभ करावा. भिजवण्याची वेळ सिरादच्या जुन्या कामाइतकी दीर्घ ठेवण्याची आवश्यकता नाही; दर सहा तासांनी चार-पाच मिनिटे ही केळीसाठी वाजवी सुरुवात आहे, आणि पाने पाणचट दिसल्यास वारंवारता आधी कमी करावी, मिनिटे नंतर. मुळांच्या टप्प्यावर बीएपी पूर्ण वगळून अर्ध्या क्षारांचे माध्यम द्यावे. भांडे उघडायचे नसेल तर जुने माध्यम काढून नवे आत सोडण्याची सोय असलेला नमुना निवडावा. कोंब हाताळावे न लागता टप्पा बदलता येणे हीच या यंत्राची केळीतली खरी मजुरीबचत आहे, आणि त्या सोयीशिवायचे स्वस्त भांडे घेणे आपल्यासाठी निरर्थक ठरेल.

मोजणीबाबत आग्रहाने सांगतो की दर भांड्यामागे किती कोंब झाले हा आकडा निर्णयासाठी वापरू नये. तो नेहमीच सुखावणारा असतो. एकाच वंशाचे, एकाच फेरीचे झुपके निम्मे बाटल्यांत व निम्मे भांड्यांत लावावेत आणि दुय्यम हार्डनिंगनंतर विक्रीयोग्य ठरलेल्या दर रोपामागे लॅमिनारवरची किती मिनिटे, किती माध्यम आणि किती वीज लागली हे दोन्हीकडे लिहावे. जंतुसंसर्गाने गेलेले भांडे हिशेबातून वगळू नये. त्यातील सर्व कोंबांची मिनिटे वाचलेल्या रोपांवर टाकावी. मुळा_मुठा म्हणतात तो घसारा वर्षभराचा धरावा, हंगामाचा नव्हे. एवढे केल्यावरही भांड्यांचा आकडा खाली राहिला तरच संख्या वाढवावी.

चाचणीची पहिली तुकडी कांदेबागेसाठी ठेवू नये, कारण एप्रिल-मेमधील उष्णता आणि वीज यांचा दोष यंत्राच्या माथी बसेल किंवा यंत्राचा दोष हवामानाच्या. ती जानेवारीत भांड्यांत लावली तर मार्चमध्ये ट्रेमध्ये येईल आणि मृगबागेच्या लागणीला तयार होईल. त्या वेळी रावेरच्या बागाईतदारांसारखा एखादा काटेकोर शेतकरी गाठून, एकाच शेतात, एकाच ठिबक नळीवर बाटलीतल्या आणि भांड्यातल्या रोपांच्या आलटून-पालटून ओळी लावाव्यात. कोणती ओळ कशाची हे त्यांना न सांगता निसवणीच्या तारखा आणि खुजी झाडे यांची नोंद त्यांच्याकडूनच करून घ्यावी.

रावेरचा_बागाईतदार (प्रतिसाद)

ओळी लावायला माझी तयारी आहे. ठिबकच्या दोन्ही टोकांच्या दोन-दोन ओळी मात्र नोंदीतून सोडा, बांधाकडच्या झाडांची निसवण तशीही पुढे-मागे होते. रोपे निश्चित झाली की फेब्रुवारीअखेर कळवा. मार्चमध्ये मी नांगरट करून जमीन तापत ठेवतो, त्याआधी प्लॉट ठरला पाहिजे.